दगडाच्या आतलं गावाचं

खापरवाडीच्या ग्रामपंचायतीत गेनबा नावाचा एक भोळा शिपाई होता. त्याला मूर्ख म्हणू नका. मूर्ख माणूस सांगितलेलं विसरतो. गेनबा सांगितलेलं काहीच विसरत नसे, आणि गावाची सगळी अडचण तिथंच होती.

वय पस्तिशीचं. कामं तीन. कचेरी झाडायची, टाकीचा व्हॉल फिरवून गावाला पाणी सोडायचं आणि फळ्यावर खडूनं नोटिसा लिहायच्या. अक्षर इतकं सुरेख, की चुकीची नोटीससुद्धा लोक कौतुकानं वाचत. सख्खं असं त्याला कुणी नव्हतं. गोदाक्का कुंभारणीनं त्याला लहानपणी जेवू घातलं होतं, आणि ती अजूनही घालत होती. तिच्याच पडवीत तो निजायचा. गोदाक्काचं घर, मातीचा ढीग, दोन गाढवं आणि मडकी भाजायचा आवा, हे सगळं गावठाणाची हद्द दाखवणाऱ्या दगडापासून पस्तीस पावलांवर होतं. पण पलीकडं. हे 'पलीकडं' तेवढं ध्यानात ठेवा.

झालं असं, की सरकारनं त्या सगळ्या भागाचा आराखडा करायला घेतला. घरं कुठं, शेती कुठं, कारखाने कुठं, रस्ते कुठून. एक दिवस तीन माणसं तिपाई घेऊन आली, एक डोळा मिटून तिच्यातून बघितलं आणि लाल डोक्याच्या खुंट्या ठोकून निघून गेली. खुंट्यांची रांग गोदाक्काच्या पडवीतून आत शिरली आणि आव्याच्या मधोमध बाहेर पडली.

गोदाक्का तशीच, मातीच्या हातानं, कचेरीत आली. तिथं लोंढे भाऊसाहेब बसले होते. ग्रामसेवकाला आमच्याकडं भाऊसाहेबच म्हणतात.

"भाऊसाहेब, माझ्या घरात खुट्या कुनी मारल्या?"

"सरकारनं, आक्का. रस्ता जाणार आहे."

"मग पंचायतीनं सांगावं की, जरा वळवून न्या म्हनून. येवढा पेटता आवा कुटं उचलून नेऊ मी?"

"पंचायतीच्या हातात नाही ते. घटनेतच वाटणी आहे. जमिनीचं काय करायचं, हा विषय राज्याचा. राज्यानं आपल्या ताटातलं जेवढं गावाला वाढलं, तेवढंच गावाचं. आणि वाढलंय चमचाभर."

"चमचाभर म्हंजे किती?"

भाऊसाहेबांनी खिडकीतून बोट दाखवलं. "तो दगड दिसतो का? त्याच्या आत कुणी घर कसं बांधायचं, गटार कुठून न्यायचं, ते आपण बघतो. दगडाच्या आतलं गावाचं, बाहेरचं सरकारचं. बाहेरच्याला आपण हात लावायचा नाही."

कोपऱ्यात गेनबा केरसुणी घेऊन उभा होता.

"दगडाच्या आतलं गावाचं, भायेरचं सरकारचं, हात लावायचा न्हाई," तो म्हणाला. "बरं. ध्यानात ठेवतो."

आणि त्यानं ध्यानात ठेवलं.

तिसऱ्याच दिवशी सरपंच भैरू आबांची म्हैस त्या दगडाजवळच्या चिखलात रुतली. आबा बाजारगावी गेले होते. आबांच्या कारभारणीनं गेनबाला पिटाळलं, म्हणाली, जा, म्हैस काढ. दिवस कलताना आबा परत आले, तर म्हैस अजून तिथंच. तोंड गावाकडं, शेपूट सरकारकडं. गेनबा तिच्यापुढं बसून वैरण चारतोय आणि ओल्या फडक्यानं तिचं तोंड पुसतोय.

"अरं, काढायची सोडून बसलास का?"

"काढली की, आबा. पुढचे दोन पाय मोकळे केले. ते आपले. मागचे दोन दगडाच्या भायेर हायती. तिकडं हात लावायचा न्हाई."

"मग त्ये कोन काढनार?"

"तहसीलदारसाहेबांस्नी अर्ज धाडलाय. म्हशीचा निम्मा भाग आपल्या हद्दीत अडकला आहे, तरी घेऊन जावा."

"आन सांजच्या धारेचं काय?"

"धार बी सरकारची, आबा. कास तिकडंच हाय."

चार गडी लावून म्हैस निघाली. ती उठली, तिनं अंग झाडलं आणि आबांचं नवं धोतर चिखलानं माखलं. आबांनी गेनबाला समोर उभं केलं.

"नीट ऐक. सरकारची वाट बघत बसलं तर हितं म्हशीचा सापळा ऱ्हाईल. आदी आपन करून मोकळं व्हायचं. सरकारला मागनं कळवायचं. कळलं?"

"आदी करायचं, मग कळवायचं. बरं. ध्यानात ठेवतो."

पुढच्या सोमवारी भाऊसाहेबांनी एक साधा अर्ज लिहिला. गोदाक्काच्या घरातल्या खुंट्या काढून रस्ता थोडा बाजूनं न्यावा, ही विनंती. तालुक्याच्या गावी नकाशांची कचेरी होती, सात कोसांवर. अर्ज तिथल्या साहेबांना द्यायला गेनबाला धाडलं.

गेनबानं अर्ज वाचला. खुंट्या काढाव्या, असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे करायचं ते हे. कळवायचं मागून. त्यानं गोदाक्काच्या घरातल्या खुंट्या उपटल्या, मग पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. वाटेत जेवढ्या लाल खुंट्या दिसल्या, तेवढ्या उपटत उपटत तो तालुक्याला पोचला. बरोबर गोदाक्काचं एक गाढव होतं. गाढवावर एकशे बारा खुंट्यांची मोळी होती.

ती मोळी त्यानं साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेब चष्मा कपाळावर चढवून भजी खात होते.

"हे काय आहे?"

"खुट्या. काडल्या. आता कळवायला आलोय."

ती रांग ठोकायला साहेबांच्या माणसांचा सगळा हिवाळा गेला होता. साहेबांच्या हातातलं भजं हातातच राहिलं. मग ते ओरडले, "अरे, जे नकाशात आहे ते जमिनीवर असलंच पाहिजे. नकाशात एक आणि जमिनीवर भलतंच, असं चालत नाही. तुमच्या पंचायतीत येतोय नकाशा. भिंतीवर लाव आणि रोज बघ."

"नकाशात असंल त्ये जमिनीवर पायजे. बरं, साहेब. ध्यानात ठेवतो."

खुंट्या परत ठोकल्या गेल्या, या खेपेला जरा खोल. आणि आठवड्यानं नकाशा आला. भिंतीला चार खिळे मारून गेनबानं तो लावला. भाऊसाहेबांनी त्याला रंग समजावून दिले. पिवळी ती घरं, हिरवी ती शेती, जांभळे ते कारखाने, निळं ते पाणी. रस्ता तपकिरी. तो तपकिरी पट्टा गोदाक्काच्या घरावरून असा गेला होता, जसं काही तिथं कधी घर नव्हतंच. दाखवता दाखवता भाऊसाहेबांचं पेन गळलं. निळ्या शाईचा रुपयाएवढा डाग बरोबर बाजारतळावर पडला. भाऊसाहेबांनी तो बोटानं पुसला, आणि डाग भाकरीएवढा झाला.

गेनबा रोज नकाशा बघायचा. साहेबांनीच सांगितलं होतं. नकाशात पाणी आणि जमिनीवर कोरडं, हे काही त्याच्या मनाला पटेना.

शुक्रवारी बाजार भरला. वांगी, मिरच्या, बोंबील, बांगड्या, सगळं मांडून झालं. गेनबा टाकीवर गेला आणि त्यानं बाजारतळाकडचा व्हॉल पुरा उघडला.

थोड्याच वेळात वांगी शाळेच्या दिशेनं निघाली. बांगड्यावाली ओट्यावर चढून बसली. बोंबील पाण्यात फुगून पुन्हा मासे झाल्यासारखे दिसायला लागले. आबा आणि भाऊसाहेब गुडघाभर पाण्यातून टाकीपाशी आले, तर गेनबा घाम पुसत उभा.

"झालं बगा नकाशापरमानं. कडंला जरा कमी हाय."

"अरे, तो माझ्या पेनाचा डाग आहे," भाऊसाहेब म्हणाले.

"पर सरकारच्या नकाशात हाय न्हवं?"

भाऊसाहेबांनी कपाळाला हात लावला. हात ओला होता. मग त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, कारण रागावून गेनबावर काही उपयोग होत नाही, हे त्यांना एव्हाना कळलं होतं. "गेनबा, तो आराखडा अजून ठरलेला नाही. ठरत आहे. काही ठरत असलं की आधी फळ्यावर नोटीस लावायची. कुणाची हरकत असली तर त्यानं तीस दिवसांत लेखी द्यायची, दोन प्रतींत. हरकती ऐकून घ्यायच्या, मगच पुढं जायचं. गोदाक्काच्या घरासाठी आपणही तेच करणार आहोत. ग्रामसभेचा ठराव करू आणि हरकत पाठवू. आपल्या हातात तेवढं एकच आहे. नकाशा लागला तेव्हापासूनची ती मुदत चुकली तर आक्काचं घर गेलं."

"ठरत असलं की नोटीस, तीस दिवस, दोन परती. बरं. ध्यानात ठेवतो."

सांजेला गोदाक्कानं त्याला विचारलं, "किती दिस ऱ्हायले रं?"

"सव्वीस."

"आवा लावू का नको?" तिची चाकावरून उतरवलेली मडकी सुकून रांगेत उभी होती. भाजायला घालावीत, आणि निम्म्यावर सरकारची माणसं आली तर? गेनबा भाकरी खात राहिला.

ठराव झालाही असता त्याच आठवड्यात. पण मध्ये आबांच्या रत्नाचं लग्न आलं. मुलगा चांगला होता, पाहुणे चांगले होते, बोलणी निम्म्यावर आली होती. आबा खुशीत गेनबाला म्हणाले, "रत्नाचं ठरत आलंय बरं का. गावाला कळू दे."

ठरत आलंय. म्हणजे अजून ठरलेलं नाही. गेनबानं फळा स्वच्छ पुसला आणि सुरेख अक्षरात लिहिलं: 'सर्व ग्रामस्थांस कळविण्यात येते की सरपंच यांची कन्या रत्ना हिचे लग्न ठरत आहे. कोणाची हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी द्यावी. दोन प्रतींत.'

सत्तावीस हरकती आल्या. चुलत्याची हरकत होती की मला विचारलं नाही. आत्याची होती की माझ्या दिराचा मुलगा काय वाईट होता. वाण्याची होती की सामान तालुक्याहून आणू नये. दोघांची नुसतीच होती, कारण लिहिलेलं नव्हतं. आणि एक हरकत खुद्द आबांच्या कारभारणीची होती, दोन प्रतींत. मुलाकडचे पाहुणे फळा वाचून आल्या पावली परत गेले.

त्यांची समजूत घालायला आबांना तीन फेऱ्या माराव्या लागल्या. सत्तावीस जणांची समजूत घालायला वीस दिवस गेले. एवढ्या गोंधळात ग्रामसभा दोनदा पुढं ढकलली. शेवटी एकोणतिसाव्या दिवशी लग्नही ठरलं आणि ठरावही झाला. भाऊसाहेबांनी हरकतीचा कागद लिहिला, दोन प्रतींत, आणि लाखेनं पाकीट बंद केलं. पण तिसाव्या दिवशी सकाळीच साखरपुडा होता. आबांना आणि भाऊसाहेबांना तिकडं जाणं भाग होतं. पाकीट न्यायला उरला कोण? गेनबा.

आबा अजून धुसफुसतच होते. "त्या फळ्यावानी करू नगंस. असला कागद गावापुढं टाकत न्हाईत. ज्याचा अधिकार असंल, त्याच्याच हातात द्यायचा. दुसऱ्या कुनाच्या हातात द्यायचा न्हाई. पाच वाजायच्या आत."

"ज्याचा अधिकार, त्याच्याच हातात. बरं. ध्यानात ठेवतो."

गेनबा सकाळी दहाला नकाशांच्या कचेरीत हजर. खिडकीत आवक कारकून बसला होता. त्यानं शिक्का उचलला आणि हात पुढं केला. "आण इकडं."

गेनबानं पाकीट छातीशी धरलं. "तुमाला अधिकार हाय का?"

"मला कसला अधिकार? मी शिक्का मारतो."

"मग न्हाई देत."

आता त्या खिडकीत पाकीट सरकवलं असतं, शिक्का पडला असता, तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि गोदाक्काही सुटली असती. पण ज्याच्याकडं शिक्का होता त्याच्याकडं अधिकार नव्हता, आणि गेनबाला अधिकार पाहिजे होता. तो मोठ्या कारकुनाकडं गेला. मोठा कारकून म्हणाला, "मी टिपणी लिहितो. अधिकार साहेबांचा." साहेब दौऱ्यावर होते. गेनबा बसला. साहेब चार वाजता आले.

"साहेब, रस्ता वळवायचा अधिकार तुमचा का?"

"माझा कुठला? मी शिफारस करतो. अधिकार वरच्या कचेरीचा. तेही मंत्रालयात पाठवतात."

"मंत्रालयाला अधिकार कुनी दिला?"

साहेबांना दुसऱ्या दिवशी शाळेत झेंडावंदनाचं भाषण करायचं होतं. ते त्यांच्या डोक्यात घोळत होतं. ते खुर्चीत मागं रेलले. "राज्यघटनेनं दिला. आणि घटना कुणी केली? लोकांनी. तेव्हा मुळात अधिकार कुणाचा? लोकांचा. मंत्री काय, मी काय, आपण सगळे नोकर."

"कुठल्या लोकांचा, साहेब?"

"अरे, जो घाम गाळतो, ज्याची जमीन, ज्याचं घर, त्या साध्या माणसाचा. दुसऱ्या कुणाचा?" साहेबांना स्वतःचंच वाक्य आवडलं. त्यांनी ते वहीत टिपून घेतलं.

गेनबानं साहेबांना नमस्कार केला आणि पाकीट घेऊन तो सात कोस परत चालत आला. रात्री उशिरा त्यानं ते गोदाक्काच्या हातात ठेवलं.

"घे, आक्के. सगळ्या हाफिसात इचारलं. अधिकार तुजाच हाय म्हनं."

गोदाक्कानं लाख बघितली. ती तशीच होती, न फोडलेली. तिला वाचता येत नव्हतं, पण एवढं कळलं. ती ओट्यावर बसली आणि पदरानं डोळे टिपायला लागली. आयुष्यात पहिल्यांदाच गेनबाला असं वाटलं, की आपलं काहीतरी चुकलंय. काय चुकलं, ते मात्र काही केल्या सापडेना. त्या दिवशी त्यानं भाकरी खाल्ली नाही.

साखरपुड्याहून आबा आणि भाऊसाहेब तसेच तिथं आले. पाकीट बघून भाऊसाहेब भिंतीला टेकले. आबांनी पागोटं काढून मांडीवर घेतलं. पस्तीस वर्षं गोदाक्काच्या घागरीतलं पाणी प्यायलेला माणूस तो, त्याच्याच्यानं तिच्याकडं बघवेना.

"पस्तीस पावलं गं, आक्का," आबा म्हणाले. "तो दगड पस्तीस पावलं पुढं असता, तर तुजं घर गावात आलं असतं. मग सरकारला कोन इचारत होतं?"

"दगड हलवायचा अधिकारही आपला नाही, आबा," भाऊसाहेब म्हणाले.

गेनबानं मान वर केली. "आबा, दगड पुढं न्यायचा का? कुठवर?"

आबांचा आधीच संताप संताप झाला होता. "ने, ने. त्या साहेबाच्या दारात नेऊन रोव जा."

"बरं," गेनबा म्हणाला.

ध्यानात ठेवतो, असं तो या वेळी म्हणाला नाही. ठेवायचं काय त्यात? करायचं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या अंधारातच त्यानं पहार घेऊन दगड उपसला. गाढवाच्या एका बाजूला दगड बांधला, दुसऱ्या बाजूला तोल साधायला तेवढीच गोदाक्काची माती. सात कोस. साहेबांच्या कचेरीचा दरवाजा खापरवाडीकडं नव्हता. तो पलीकडच्या अंगाला होता. आबांनी दारात सांगितलं होतं, म्हणून गेनबा कचेरीला वळसा घालून पलीकडं गेला आणि दारात खड्डा खणून त्यानं दगड रोवला. गोदाक्काची माती घालून वर घट्ट ठोकला. सगळी कचेरी गेली होती झेंडावंदनाला. अडवायला कुणी नव्हतं.

करून झालं. आता कळवायचं. कचेरीच्या ओसरीतच त्यानं दोन कागदांवर नोटीस लिहिली: 'खापरवाडी गावठाणाचा दगड आपल्या दारात आणला आहे. दगडाच्या आतलं गावाचं. सबब आपली कचेरी आमच्या गावात आली आहे. हरकत असल्यास तीस दिवसांत लेखी द्यावी. दोन प्रतींत.' झेंडावंदनाहून परतलेला आवक कारकून, सुट्टी असूनही राहिलेलं काम उरकायला, लाडूचा हात पुसत खिडकीत बसला. गेनबानं दोन्ही कागद पुढं केले. या नोटिशीला कुणाच्या अधिकाराचा प्रश्नच नव्हता, हे नुसतं कळवणं होतं. कारकुनानं न वाचता दोन शिक्के मारले आणि एक प्रत परत दिली.

इकडं गावात काय झालं म्हणता? खापरवाडी आणि तालुका यांच्यामध्ये नऊ गावं. तिसऱ्या दिवशी नऊ गावांचे नऊ सरपंच आबांच्या दारात. "आमी आता तुमच्यात हाय म्हनं. आमची गटारं कवा उपसताय?" आबा दोन दिवस अंथरुणातून उठले नाहीत. भाऊसाहेबांनी दगड परत आणायला माणसं जोडली होती, पण गेनबाकडची शिक्क्याची प्रत बघून तेच थांबले. "आवक नंबर पडलाय," ते म्हणाले. "आता हा दगड सरकारी कागदावर आहे. त्याला हात लावला तर आपणच आत."

सरकारी कचेरीत एकदा आवक नंबर पडला, की त्या कागदाला उत्तर हे द्यावंच लागतं. मोठ्या कारकुनानं टिपणी लिहिली: हरकत घ्यावी, मुदत तीस दिवस. साहेबांपुढं त्या दिवशी साठ कागद होते. दारातल्या दगडाला ते रोज ठेचकाळत होते आणि रोज, हा कुणी इथं ठेवला, म्हणून विचारत होते. सही मात्र त्यांनी खाली बघून केली, वर काय लिहिलंय ते बघून नाही.

एकोणतिसाव्या दिवशी खापरवाडीत कागद आला. शुक्रवार होता. गेनबा नुकताच सकाळचं पाणी सोडून कचेरीत आला होता. सगळे जमले. गोदाक्का दारात उभी राहिली. घर सोडायचा कागद असणार, असं धरूनच ती आली होती. भाऊसाहेबांनी वाचलं.

"'आपल्या गावठाणाच्या दगडाबाबत या कार्यालयाची हरकत आहे. आपल्या ग्रामपंचायतीचा निर्णय होईपर्यंत दगडाच्या आतील सर्व घरे, आवे, रस्ते व खुणा जैसे थे ठेवाव्यात. कोणतेही नवीन काम करू नये.' खाली सही, शिक्का. दोन प्रती आहेत."

"आवे?" आबांनी विचारलं.

"गेनबाच्या नोटिशीला आपली जुनी हरकत जोडलेली दिसते. आक्काच्या ओट्यावरून उचलून त्यानंच जोडली असणार. अधिकारवाल्याच्या हातात तर ती एकदा देऊन झाली होती." भाऊसाहेबांनी कागद पुन्हा एकदा वाचला. "आबा, निर्णय आपण द्यायचाय. तोपर्यंत रस्ता नाही."

"आन आपन निर्नय दिलाच न्हाई तर?"

"तर जैसे थे."

गोदाक्काचा जीव भांड्यात पडला. तिच्याकडं भांडी मुबलक होती. ती हसली, रडली, आणि म्हणाली, "मी आवा लावते." निम्मं गाव तिच्यामागं लाकडं आणि शेण्या घेऊन धावलं.

"भाऊसाहेब," गेनबानं विचारलं, "जैसे थे म्हंजे काय?"

"म्हणजे जे जसं आहे, ते तसंच राहू द्यायचं. बंद असेल तर बंद, चालू असेल तर चालू. कशालाही हात लावायचा नाही."

"बरं. ध्यानात ठेवतो."

दुपारी आव्याच्या तोंडातून धूर निघायला लागला. आबा गूळ वाटत होते. तेवढ्यात आबांच्या पायावरून एक वांगं तरंगत गेलं. मागून मिरच्या आल्या. त्यांच्यामागं, ओरडत, बाजारातली माणसं आली.

टाकी भरून वाहत होती, व्हॉल सकाळपासून उघडा होता, आणि त्याच्यापुढं गेनबा काठी घेऊन राखण करत उभा होता.

"अरं, बंद कर," आबा ओरडले.

"करता येत न्हाई, आबा. चालू हुता, तवा चालूच. साहेबांचा कागद हाय."

"सरपंच म्हनून सांगतो."

"तुमाला अधिकार न्हाई. म्या तालुक्याला जाऊन इचारून आलोय."

भाऊसाहेबांनी सांगितलं. बाजारकऱ्यांनी सांगितलं. पाणी उपसलेल्या दगडाच्या जागेवरून पुढं सरकलं आणि आव्यापासून चार पावलांवर आलं. तेव्हा गोदाक्का पदर खोचून उठली, पाण्यातून टाकीपाशी आली आणि म्हणाली, "गेन्या, व्हॉल बंद कर."

"करतो की," गेनबा म्हणाला, आणि त्यानं व्हॉल बंद केला.